लेंगानीची ताडपत्री

तासेरे लेंगानी गेल्याचा फोन सकाळी सातला आला, तेव्हा माझ्या चुलीवर नेरेच्या झाडाच्या बिया उकळत होत्या. सुंबाला, म्हणजे कालवणात घालायचा आंबवलेला मसाला, करायचा तर त्या बिया दिवसरात्र शिजाव्या लागतात. मध्ये जाळ काढला तर त्या दडस राहतात आणि सगळं हंडं फुकट जातं. मी जाळ काढला. लाकडं ओढून त्यांवर पाणी ओतलं.

फोन अझेताचा होता. अझेता म्हणजे तासेरेची पहिली बायको.

"मेला गं तुमचा गुलाम," ती म्हणाली.

"रडलीस का?"

"रडेन की. आधी धाकट्या दोघींचं होऊ दे, त्यांना घाई आहे. दुपारच्या नमाजानंतर उचलणार आहेत. येतेस ना, कुत्रेखाऊ?"

"शेंगदाणेखाऊ, तू पदर डोक्यावर घ्यायच्या आत पोचते."

आम्ही गुरुन्सी, ते बिसा. या दोन जमातींमध्ये चेष्टेचं नातं आहे, आमच्या आज्यांच्या आज्यांच्या काळापासूनचं. बिसा दिसला की त्याला शेंगदाण्यांवरून छेडायचं, त्यानं आम्हाला कुत्र्याच्या मटणावरून. ते आमचे गुलाम, आम्ही त्यांचे. काहीही बोललेलं चालतं, फक्त रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि त्याला दंड. कुणाकडे माणूस गेलं तर दुसऱ्या बाजूच्यांनी जायचंच असतं. मेलेल्याची नक्कल करायची, जनाज्याची वाट अडवायची, काहीतरी मागायचं. मागितलेलं मिळाल्याशिवाय प्रेत हलत नाही. या नात्यानं आमच्याकडे कितीतरी भांडणं मिटली आहेत. माझी आई मात्र या नात्यानंच संपली.

त्या घरातून मला एकच वाक्य हवं होतं: कादुआच्या बिया कोरड्या होत्या. ते बुगुरा या आमच्या गावच्या बायकांच्या कानांवर, त्यांच्यासमोर पडायला हवं होतं. चोपन्न वर्षं मी त्याची वाट पाहिली. मधल्या काळात माझं लग्न झालं, पाच मुलं झाली, नवरा गेला, बुगुरा सुटलं आणि मी पो शहरातल्या बाजारात सुंबाला विकणारी म्हातारी झाले. पण ते वाक्य काही सुटलं नाही.

कादुआ म्हणजे माझी आई. बुगुरात ओढ्याच्या काठी शिआच्या बियांचं लोणी काढायचं बायकांचं छप्पर होतं, अजूनही आहे. पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पडलेली फळं वेचायची, बिया उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या. काही बिया व्यापाऱ्याला जायच्या, काहींचं लोणी व्हायचं. भाजून दळलेला तो तपकिरी लगदा पाणी घालून हातानं फेटत बसायचं. फेटता फेटता तो अचानक पांढरा होतो. त्या क्षणी आई नेहमी ओरडायची, "आला! आला!" जणू कुणी पाहुणाच आलाय. सगळ्या हसायच्या. तिचे कोपरापर्यंत माखलेले हात आणि तो धुरकट, गोडसर वास मला आजही झोपेत येतो.

बिया वाळवण्यात आईचा हात कुणी धरत नव्हतं. बी मुठीत घेऊन कानाशी हलवायची. आतला गर खुळखुळ वाजला नाही तर परत उन्हात. दोनदा, तीनदा. कापुरी तिला हसायची, "अगं, त्या बियांना आता तहान लागली असेल!" कापुरी आईची जिवलग. आमच्याच अंगणात तिचं अर्धं आयुष्य गेलं.

तासेरे तेव्हा तिशीचा असेल. पांढरी विणलेली टोपी, काळा चष्मा, गालात सुपारीसारखं चघळायचं कोलाचं फळ आणि बोटावर ट्रकची किल्ली गरगर फिरत असायची. आमच्या भागातला सगळा माल तोच उचलायचा. त्या वर्षी त्यानं बुगुराची पोती भरून राजधानीकडे नेली आणि तिथल्या व्यापाऱ्यानं ती परत पाठवली. आतल्या बिया भिजून बुरसल्या होत्या.

पुढच्या बाजाराला तो आला तो हसतच. भर बाजारात, सगळ्या बायकांसमोर माझ्या आईपुढे उभा राहिला.

"काय गं कुत्रेखाऊ! बियांना पाणी पाजतेस ते एक मडकं की दोन? वजन बरं भरलं होतं!"

लोक खो खो हसले. आईही हसली. हसायचंच असतं. तिनं उलट टोला दिला, "शेंगदाणे सोडून तुला दुसरी कुठली बी ओळखू येते का रे?"

चेष्टा होती ती. पण त्या वर्षी बुगुराचा माल कुणी घेईना. बायकांच्या हातात काही आलं नाही आणि राग कुणावर तरी काढायचाच होता. तासेरे दर बाजाराला तेच विचारायचा, "कादुआ, आज किती मडकी?" पाच-सहा बाजार गेले तसं लोकांचं हसणं बदललं. बायका आईकडे बघून हसायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. त्याच्यावर खोटेपणाचा आळ आणता येत नव्हता. आळ त्यानं घेतलाच नव्हता ना. तो तर चेष्टा करत होता.

मग माझ्या आईनं ती चूक केली. एका बाजाराच्या दिवशी त्यानं खरंच एक मडकं आणलं. पाण्यानं भरलेलं. तिच्या बियांच्या टोपलीशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "घे, तुझे कष्ट वाचवले." आईनं ते मडकं उचललं आणि त्याच्या पायांवर फोडलं. त्याची टोपी ओढून धुळीत टाकली. "खोटारड्या!" एवढंच ओरडली.

सगळा बाजार भोवती गोळा झाला. तासेरे शांतपणे म्हणाला, "चेष्टेचं वाईट वाटलं? म्हणजे कुठेतरी लागलं म्हणायचं."

दोन्हीकडचे म्हातारे बसले. आईला दंड झाला. एक पांढरी कोंबडी, शिवाय सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी. ज्या हातांनी बिया तीन-तीनदा वाळवल्या, त्या हातांनी तिनं ती कोंबडी त्याला दिली. मी तिच्यामागे उभी होते, चौदा वर्षांची. त्यानंतर तिला छपराबाहेर काढलं. ती घरीच, एकटी, लहान घमेल्यात लोणी फेटायची. पांढरं झालं तरी "आला" म्हणायची नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तापानं गेली. बुगुरातल्या चारच बायका आल्या, आणि त्या आमच्याच घरातल्या होत्या.

खरं काय झालं ते मला नऊ वर्षांपूर्वी कळलं. तासेरेनं पंचाहत्तराव्या वर्षी तिसरी बायको आणली, नातीच्या वयाची. अझेता माझ्याकडे सुंबाला घ्यायला आली ती धुमसतच. लाकडी पेटीवर बसली आणि तिनं त्याची सगळी पापं एकेक करून सोलली. त्यातच हे निघालं.

"त्याच्या भावाचं लग्न होतं," ती म्हणाली. "मांडवाला कापड कमी पडलं. यानं ट्रकवरची ताडपत्री काढून दिली. भरलेला ट्रक उघडाच. मध्येच धो धो पाऊस. आम्ही ताडपत्रीखाली बसून भात खातोय आणि तिकडे तुमच्या बिया भिजतायत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, कुणाला सांगशील तर बघ. त्या बुगुरावालीचं नाव घेतो, चेष्टेतली बाई आहे, काही बोलू शकणार नाही."

"तू तेव्हा का नाही बोललीस?"

"माझ्या पदरात तीन पोरं होती, कातिगा." मग तिनं माझ्याकडे वर पाहिलं. "तो मेला की ये. तेव्हा तुला कुणी अडवू शकणार नाही."

त्या दिवसापासून मी तयारीला लागले. तशीच विणलेली टोपी शोधली. काळा चष्मा घेतला. बाजारात तो यायचा तेव्हा त्याची चाल बघून ठेवली, डावा पाय किंचित ओढायचा, बोलण्याआधी दोनदा खाकरायचा. घरी आरशासमोर किल्ली फिरवायला शिकले. सून एकदा दारातून बघून गेली आणि माझ्या मुलाला म्हणाली, "आईंना डॉक्टरकडे न्यायला हवं."

फोन ठेवला आणि मी मिनीबसवाल्याला बुगुराला पाठवलं. त्याला नावं दिली. आईच्या वेळच्या ज्या बायका जिवंत होत्या, त्या सातही जणी. कापुरी त्यांतलीच. "सांग, चेष्टेतलं मरण आहे. यायलाच हवं." या निरोपाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

लेंगानीच्या वाड्यात नुसती गर्दी. त्याचे तीन ट्रक बाहेर उभे होते, आता मुलाच्या मालकीचे. आमचे गुरुन्सी लोक आधीच येऊन धुमाकूळ घालत होते. कुणी शेंगदाण्याची टोपली घेऊन हंबरडा फोडत होतं, "आता हे कोण खाणार रे!" कुणी दारातच आडवं झालं होतं. बिसा लोक डोळे पुसत पुसत हसत होते. असंच असतं.

जनाजा उचलला आणि मी वाटेत उतरले. टोपी, चष्मा, सदऱ्यात उशी घालून केलेलं पोट. दोनदा खाकरले. किल्ली फिरवली. डावा पाय ओढत चार पावलं चालले आणि अंगणात हास्याचा स्फोट झाला. त्याची धाकटी बायको खोलीच्या पडद्याआडून ओरडली, "अगं बाई, उठला!"

"कोण मला उचलतंय?" मी त्याच्या आवाजात म्हटलं. "माझा ट्रक भरलाय! बुगुराच्या बिया आहेत. पण थांबा, आधी भावाचं लग्न." एका पोत्याचं फाडलेलं प्लास्टिक मी आणलं होतं. ते दोन बिसा म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर पसरलं. "बसा, बसा, भात खा! ट्रकवरची ताडपत्री आहे, एक थेंब लागायचा नाही!" मग हळूच ट्रककडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "अरेच्चा! बियांना पाणी कुणी पाजलं?" खाकरले. "कादुआनं! कादुआनं पाजलं!"

तरुण लोक पोट धरून हसत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण बुगुराच्या सात जणी भिंतीशी बसल्या होत्या आणि त्यांच्यातली एकही हसत नव्हती.

मुलगा पुढे आला. साल्फो. पन्नाशीचा, बापासारखाच पोटाचा. हसत हसत म्हणाला, "पुरे गं कुत्रेखाऊ मावशी, माझ्या बापाला उन्हात किती ठेवशील? काय हवंय?"

त्यानं कोंबडा दिला. मी परत केला. कोलाची फळं दिली. परत केली. पोतंभर शेंगदाणे आणून ओतले, लोक टाळ्या पिटायला लागले. मी त्या ढिगावर बसले.

"गुलामाच्या पोरा, मला एक वाक्य हवंय. म्हण, कादुआच्या बिया कोरड्या होत्या. पाणी माझ्या बापाच्या ट्रकवर पडलं."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले. "कादुआ? ती पाणी घालणारी? बाबा सांगायचे तिची गोष्ट!" आणि तो गर्दीकडे वळला. "यांच्याकडे बायका बियांपेक्षा पाणीच जास्त विकायच्या म्हणे!"

लोक हसले. हात तिथल्या शेंगदाण्यांत रुतले. आईचा हात असाच मडक्यावर गेला असणार. तेव्हा मला कळलं की हा पोरगा बापाचाच डाव खेळतोय. आता मी एकदा जरी ओरडले तरी संपलं. मला कोंबडी आणायला लावतील, गुडघ्यावर बसवतील, आणि जनाजा माझ्या डोक्यावरून जाईल. चोपन्न वर्षं त्या एका ओरडण्यासाठी मी जगले नव्हते.

मी हसले. दात दिसतील असं मोठ्यानं हसले. टोपी काढून वारा घेतला.

"मग तर मला घाईच नाही! माझी आई पाणी विकायची ना, माझ्याकडे प्यायला पुष्कळ आहे. तुझ्या बापाला उन्हात तहान लागली तर सांग."

आमच्यातलाच एक म्हातारा माझ्याजवळ वाकला. "कातिगा, पुरे. कोंबडा घे. जास्त ताणलं की चेष्टा राहत नाही."

"रागावलेय का मी, दादा? बघ, हसतेय." तो मागे सरला.

इमाम घड्याळाकडे बघत होते. ऊन तापलं होतं. वाट अरुंद, आणि मी त्या ढिगावर बसून एकेक दाणा तोंडात टाकत होते. साल्फोनं आणखी दोन विनोद केले. दुसऱ्याला थोडेच लोक हसले.

तेवढ्यात बायकांच्या खोलीतून अझेताचा आवाज आला. विधवेनं बाहेर यायचं नसतं, म्हणून ती दारातून, पडद्याआडूनच बोलली.

"साल्फो! त्या लग्नात मी भात वाढला. त्याच ताडपत्रीखाली. आपल्या ट्रकवरचं नाव तिच्यावर लिहिलेलं होतं, तुझ्या काकाच्या डोक्यावर उलटं दिसत होतं. उगाच बापाला वाळवू नकोस."

ती हसत नव्हती. म्हणून सगळे हसायचे थांबले.

इमाम हळूच म्हणाले, "दे बाळ, मागते ते दे. नमाज झालाय."

साल्फोनं घाम पुसला. बिसा भाषेत काहीतरी पुटपुटला.

"आमच्या कासेम भाषेत बोल," मी भिंतीकडे बोट दाखवलं. "त्या सात जणींना तुझी शेंगदाण्यांची भाषा येत नाही."

"कादुआच्या बिया कोरड्या होत्या," तो म्हणाला.

"अजून मोठ्यानं. त्यातल्या दोघी बहिऱ्या आहेत."

"कादुआच्या बिया कोरड्या होत्या! पाणी माझ्या बापाच्या ट्रकवर पडलं! झालं?"

मी उठले. शेंगदाणे पायाखाली चुरचुरले. वाट सोडली. जनाजा माझ्या अगदी जवळून गेला. मी मान खाली घातली नाही. लोकांना वाटलं, नक्कल अजून चाललीय.

परतताना मी त्या सात जणींबरोबर मिनीबसमध्ये बसले. कापुरी म्हणाली, "त्यानं आपल्याला फसवलं गं."

"त्यानं चेष्टा केली," मी म्हटलं. "चेष्टेवर विश्वास तुम्ही ठेवलात."

"आम्हाला काय माहीत होतं?"

"तुला माहीत होतं. तिची बी कानाशी खुळखुळताना तू ऐकलीयस. तहान लागली असेल म्हणून हसणारी तूच ना?"

कापुरी खिडकीबाहेर बघायला लागली. ऐंशीला आलेली बाई. मला तिची दया आली नाही. बिसा माणसाच्या अंत्ययात्रेत मला बोलता येतं. कापुरी आमचीच. ती मेल्यावर मला तोंड मिटून रडावं लागेल. म्हणजे जे काही व्हायचं ते ती जिवंत असतानाच व्हायला हवं होतं.

बुगुरा आलं तसं मी ड्रायव्हरला गाडी ओढ्याकडे घ्यायला सांगितली. छपरात आठ-दहा तरुण बायका लगदा फेटत होत्या. आम्हा म्हाताऱ्यांना बघून त्यांनी जागा करून दिली. "आजी, कसं झालं मरण? शेंगदाणे आणलेत का?"

"कापुरी सांगेल," मी म्हटलं आणि खाली बसले.

कापुरी उभीच राहिली. "आज लेंगानीच्या मुलानं सगळ्यांसमोर कबूल केलं," ती म्हणाली, "की कादुआच्या बिया कोरड्या होत्या."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "कादुआ कोण?" एकीनं विचारलं.

मला वाटलं होतं, त्या वाक्यानं काहीतरी होईल. ते वाक्य ऐकायला आता कुणी उरलंच नव्हतं. या मुलींना आई ना चोर म्हणून माहीत होती, ना कादुआ म्हणून.

"सांग ना," मी कापुरीला म्हटलं. "पहिल्यापासून सांग. कशी दिसायची तेही."

कापुरीनं माझ्याकडे असं पाहिलं की सोडशील का गं आता. मी सोडलं नाही. मग ती सांगायला लागली. आई उंच होती, तिच्या पुढच्या दातांत फट होती, लगदा पांढरा झाला की ओरडायची. सांगताना तिचा आवाज मऊ झाला, एकदोनदा ती हसलीही. मुली फेटता फेटता ऐकत होत्या. बाजार आला, पाण्याचं मडकं आलं, दंड आला. तिथे तिनं घाई केली.

"मग त्यानंतर तिला इथून काढलं. आणि तीन वर्षांनी बिचारी..."

"कुणी काढलं?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच. तेव्हा सगळ्यांनाच..."

"हाताला धरून कुणी काढलं, कापुरी? मी त्या खांबापाशी उभी होते."

छपरात फक्त हातांचा चपचप आवाज येत होता. मग तोही एकेक करून थांबला. सगळ्या मुली कापुरीकडे बघत होत्या, हात कोपरापर्यंत माखलेले.

"मी," कापुरी म्हणाली.

"पुढे सांग," मी म्हटलं.